उभ्या गाडीचा आवाज

"वहिनी, जरा लांब उभ्या राहा. पेटली-बिटली तर आबा मला गोठ्यात बांधतील," असं म्हणून दौलतने स्टार्टरचं बटण दाबलं.

इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. भिंतीपलीकडून शेजारच्या तानूकाकींनी डोकं वर काढलं.

"दौल्या, ही मोटार हाय का बाजलं?"

"रेसची गाडी हाय, काकी."

"मग दारं कुठायत?"

"रेसच्या गाडीला दारं नसत्यात."

"बेस हाय. पडायला सोपं."

काकींचं फारसं चुकत नव्हतं. घरामागच्या परड्यात, गोठ्याला लागून जे उभं होतं, त्यात लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार चाकं, एक सीट आणि स्टिअरिंग यापलीकडे काही नव्हतं. किट कार म्हणजे हेच. खोक्यांतून सुटे भाग येतात, ते आपण जोडायचे आणि मागे मोटारसायकलचं इंजिन बसवायचं. दौलत माझा धाकटा दीर. उद्यमनगरात एका लेथच्या कारखान्यात तो कामाला होता आणि गावाबाहेरच्या रेसिंग ट्रॅकवर स्वतः जोडलेली गाडी पळवायची हे त्याचं कॉलेजपासूनचं वेड. इंजिन त्याच्या थोरल्या भावाच्या मोटारसायकलचं होतं. थोरला भाऊ म्हणजे सयाजी, माझा नवरा. दिवाळीनंतर तापाचं निमित्त होऊन तो गेला. ही गोष्ट त्यानंतरच्या मे महिन्यातली.

मोटारसायकलच्या सीटखाली एक काळा प्लास्टिकचा डबा असतो. इंजिन त्यातूनच श्वास घेतं. आत कागदाचा फिल्टर असतो, तो धूळ अडवतो. या गाडीत नेमक्या त्या डब्याच्या जागेतून सांगाड्याची एक तिरकी नळी गेली होती, त्यामुळे डबा बसतच नव्हता. पहिल्या चाचणीपुरता दौलतने तो ड्रायव्हरच्या सीटवर तारेने बांधला होता आणि रबरी नळीने मागच्या कार्बोरेटरला जोडला होता. पाहुण्याला मानाने बसवावं तसा तो डबा सीटवर बसला होता.

तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर इंजिनाने धरलं.

धडधड तर होतीच. पण तिच्याखाली एक घुमणं होतं. विहिरीत तोंड घालून कुणी हुंकार धरून ठेवावा तसं. ते मी दीड वर्ष रोज दुपारी ऐकलं होतं.

गोठ्यात कडेला मोगरी बसून रवंथ करत होती. पंढरपुरी जातीची म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं खांद्यामागे गेलेली. ती उठली. इंजिन तिच्यापासून चार हातांवर होतं, पण तिने तिकडे पाहिलं नाही. तिने मान वळवली ती बोळाच्या तोंडाकडे, जिथून सयाजी गाडी आत घालायचा. कान पुढे करून ती तिथे बघत राहिली. मग तिच्या सडांतून दूध गळायला लागलं. कुणी हात लावला नव्हता, कास धुतली नव्हती. आधी थेंब, मग बारीक धारा, आणि खालच्या फरशीवरून एक पांढरा ओघळ गटाराकडे निघाला.

मामा वैरणीची पेंढी घेऊन येत होते. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. दौलतचे ते आबा. त्यांनी फरशीवरचं दूध बघितलं, मोगरीची मान कुठे वळलीय ते बघितलं, आणि पेंढी हातातून खाली टाकली.

"बंद कर."

"आबा, आत्ता कुठं..."

"बंद कर म्हंतोय न्हवं!"

इंजिन थांबलं. मोगरी बोळाकडे बघतच होती.

"ह्यो आवाज परत ह्या परड्यात नको," मामा म्हणाले. आता त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"इंजिन दादाचं हाय. आवाज बी दादाच्याच गाडीचा येणार की."

"मग काढ ते. भंगारात घाल. मेलेल्या माणसाच्या आवाजात जित्राबाला हाक मारायची नसती."

तानूकाकींचं डोकं भिंतीमागे गेलं. एरवी अशा वेळी दोन शब्द बोलल्याशिवाय त्या राहत नसत. मी घरात गेले, कपडे बदलले आणि रेणूपाशी जाऊन बसले. रेणू माझी मुलगी. तिला वर्ष व्हायचं होतं. ती झोपलेलीच होती.

कोल्हापूरबाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी म्हशींची शिंगं रंगवतात, त्यांना गोंडे आणि मोरपिसं बांधतात आणि गाडीमागे पळवतात. पुढे मालक मोटारसायकलवर, मागे म्हैस. रस्त्यात कितीही गाड्या धडधडत असल्या तरी म्हैस आपल्याच मालकाच्या गाडीमागे लागते, कारण तो आवाज महिनोन्महिने तिच्या कानांत बसवलेला असतो. मोगरीचं तर रेडकू जन्मतःच गेलं होतं. चाटायला, हुंगायला काही उरलं नाही, तेव्हा तिने गाडीचा आवाज धरला. दुपारी हॉटेलांना दूध पोचवून सयाजी बोळात वळला की ती उभी राहायची. तो हातपाय धुऊन, बादली घेऊन येईपर्यंत तिने पान्हा सोडलेला असायचा. दुसऱ्या कुणाला ती कासेला हात लावू देत नसे. सयाजी गेल्यावर मामांनी तिला कसंबसं वळवलं होतं. अलीकडे मात्र बादली अर्ध्यावर भरत नव्हती. "आटत आलीया," मामा म्हणायचे.

संध्याकाळी दौलत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही फिजिक्सच्या. आवाज नेमका कशातनं येतोय तेवढं शोधून द्या. तेवढाच काढू. इंजिन काय मी भंगारात घालणार न्हाई."

"मामा ऐकतील?"

"आवाज न्हाई म्हटल्यावर काय म्हणतील? आवाजच नको हाय न्हवं त्यांना. दादाचं दुसरं काय उरलंय सांगा."

मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होते. सुट्टी चालू होती. आवाज शोधून देते, असं मी म्हणाले. तो काढून टाकते, असं म्हणाले नाही. पण दौलतने तसंच धरलं.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी टेम्पोत घालून गाडी उद्यमनगरात नेली. लेथ बंद, पत्र्याखाली तेलाचा वास, आणि आम्ही दोघंच. दौलत इंजिन चालू ठेवायचा आणि मी एकेका जागी फोन धरून आवाज नोंदवत फिरायचे. सायलेन्सरच्या तोंडाशी नुसती धडधड होती, सपाट आणि कोरडी. ती कुठल्याही मोटारसायकलची असती. घुमणं तिथे नव्हतं. इंजिनाच्या पोटाशी नव्हतं. सीटवरच्या डब्याजवळ गेले तेव्हा छातीला जाणवलं.

डब्याला हवा घेण्यासाठी एक आखूड तोंड असतं. मी तळवा त्याच्यावर अर्धा धरला. घुमणं खाली उतरलं. तळवा काढला, पुन्हा वर आलं. पुन्हा अर्धा धरला, पुन्हा उतरलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती जशी वाजते, तसाच हा डबा प्रत्येक श्वासाला वाजत होता. आतल्या पोकळीचं माप आणि तोंडाची लांबी-रुंदी, एवढ्यावर तो सूर ठरलेला होता. आजही वर्गात अनुनाद शिकवताना मी बाटलीचं उदाहरण देते. डब्याचं देत नाही.

"सापडलं?" दौलत ओरडला.

मी मान हलवली. तो इंजिन बंद करून आला.

"डबा?"

"डबाच. इंजिनाचा यात काही संबंध नाही. दुसऱ्या गाडीला हा डबा लावला तर तीही जवळपास अशीच घुमेल."

"म्हंजे दादाची गाडी म्हणून आपण ऐकत हुतो ते इंजिन न्हवतंच?"

"नाही. हवा होती."

दौलत डब्याकडे बघत राहिला. मग खांदे उडवून म्हणाला, "मग सोपं काम हाय. बाजारात कोन मिळतोय. कार्बोरेटरच्या तोंडाला घालायचा, वर क्लिप आवळायची. डब्याचं काम न्हाई, जागेचं भांडण न्हाई."

कोन म्हणजे शंकूच्या आकाराचा जाळीदार फिल्टर. इंजिन त्यातून थेट बाहेरची हवा ओढतं. पोकळी नाही, म्हणून घुमणं नाही. मी म्हणाले, "कोन इंजिनाजवळची गरम हवा ओढेल. आणि डब्यात हवा शांत असते, तशी इथे राहणार नाही. पेट्रोलचा हिशोब चुकेल, पेट्रोल सोडणारे जेट बदलावे लागतील."

हे सगळं खरं होतं. पण हे सांगताना माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. दुसऱ्या दिवशी दौलत कामावर गेला तेव्हा मी सुटा करून घरी आणलेला तो डबा बाथरूममध्ये नेला, फिल्टर काढला, एक भोक बुचाने बंद केलं आणि दुधाच्या मापाने पाणी ओतून आतली पोकळी मोजली. व्हर्नियरने तोंडाचा व्यास घेतला. मग कागदावर एक वेगळाच डबा काढला. पत्र्याचा, तिरक्या नळीच्या दोन्ही अंगांनी वळसा घालून बसेल असा, वेडावाकडा, पण आत तेवढीच पोकळी आणि बाहेर तेवढंच तोंड.

काम सुटल्यावर कारखान्यात दौलतने कागद उलटसुलट करून बघितला.

"हे भारी हाय, वहिनी. नळीला चुकवून बरोबर बसंल. पत्रा मीच वाकवतो." मग कागदावरची नजर न काढता त्याने विचारलं, "आवाज?"

"तसाच येईल."

"अगदी?"

"अगदी."

त्याने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं.

"आबांना काय कळतंय?" तो हळूच म्हणाला. "गाडी घराकडं आणायचीच न्हाई. हितनं ट्रॅकवर, ट्रॅकवरनं हितं. आवाज जित्ता राहील. तुम्हाला वाटलं तर तुम्ही या ऐकायला."

मी नाही म्हणाले नाही.

"आता एवढं करतोय तर कार्बोरेटर बी धुऊन घेऊ," असं म्हणून त्याने कार्बोरेटर काढून बाकावर ठेवला. त्याचा खालचा भाग वाटीसारखा असतो; पेट्रोल आधी तिथे साठतं. गाडी काही महिने नुसती उभी राहिली की त्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि तळाशी पिवळा, चिकट थर बसतो. खरवडून काढावा लागतो. दौलतने त्यासाठी जुना टूथब्रश आणि रॉकेलचा डबा जवळ घेऊन ठेवला होता. त्याने स्क्रू काढून वाटी उघडली आणि टूथब्रश खाली ठेवला.

वाटी स्वच्छ होती. जेटच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"वहिनी, दादा गेल्यावर गाडी कुणी चालवली?"

"कुणीच नाही. ती जागची हलली नाही. तुम्ही मार्चमध्ये इंजिन काढलंत, तोवर तिच्यावर पोतं होतं."

"हलली नसंल. पण सुरू व्हायची. दिसाआड तरी." त्याने बोटाने वाटी पुसून बोट मला दाखवलं. "मी न्हाई केली. तुम्ही?"

"नाही."

"बॅटरी तर मेल्याली हुती."

"किक होती की."

सयाजी गेल्यावर मी कॉलेजात शिकवायला लागले होते; सकाळी जायचे ती संध्याकाळी यायचे. दौलत कारखान्यात. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेल्या. दुपारी घरात मामा असायचे आणि रेणू.

मामा परड्यात मोगरीला धूत होते. उन्हाळ्यात ते दोनदा धुवायचे. एका हातात पाण्याचा पाइप, दुसऱ्या हातात काथ्याचा बोळा. मी रेणूला पायरीवर बसवलं आणि पाइप हातात घेतला. थोडा वेळ ते घासत राहिले, मी पाणी सोडत राहिले.

"मामा, गाडी तुम्ही सुरू करायचा?"

बोळा थांबला. "तानूनं सांगितलं?"

"नाही. कार्बोरेटर आतून स्वच्छ निघाला."

"त्येच्यात बी कळतंय व्हय?"

"कळतं."

"शिकल्याली सून करू नये म्हंत्यात ते ह्येच्यासाठी," ते म्हणाले. हसायचा प्रयत्न होता, जमला नाही. त्यांनी मोगरीच्या पाठीवरून उगाच दोनदा हात फिरवला.

"ही धार देत न्हवती. लाथ मारायची. चार-आठ दिस झालं, कास दगडावाणी झाली. म्हटलं, एकदा किक मारून बघावी. तुम्ही दोघं कामावर, पोरगी झोपल्याली. मारली. ही उभी राहिली अन् सोडला की पान्हा. मला वाटलं, जमलं."

"मग रोज?"

"मग रोज. दूध काढून व्हायचं, बादली आत जायची, तरी मी बंद करायचो न्हाई. हितंच बसायचो डोळं मिटून. वाटायचं, आत्ता बोळात वळालाय. आत्ता उतरंल. आत्ता म्हणंल, आबा, च्या टाका."

"शेजारी ऐकत नव्हते?"

"समद्या गल्लीला ठाव हाय. तानू तर त्या टायमाला आपलं दार लावून घ्यायची. कोण एका शब्दानं बोललं न्हाई."

पाइपमधलं पाणी माझ्या पायांवर पडत होतं हे मला उशिरा कळलं. मामांनी तो माझ्या हातातून घेतला.

"पर त्येच्यात एक गंमत हाय, पोरी. गाडी येताना आवाज आधी बारीक असतोय. मग मोठा हुतोय, जवळ येतोय, अन् थांबतोय. मग माणूस आत येतोय. उभ्या गाडीचा आवाज येत बी न्हाई अन् जात बी न्हाई. हितंच ऱ्हातोय. तासभर ऐकला तरी कोण आत येत न्हाई. अन् मला तर बंद करवायचा न्हाई."

"म्हणून इंजिन दिलंत दौलत भावजींना?"

"त्यानं मागितलं तवा वाटलं, सुटलो. माझ्या हातनं तर व्हत न्हवतं. अन् त्या दिशी परत त्येच. ही बया बोळाकडं बघत उभी." त्यांनी मोगरीच्या कानामागचं पाणी निपटलं. "तिला कळत न्हाई गं. आपल्याला तरी कळाय पायजे." मग ते माझ्याकडे वळले. "आवाज जाईल न्हवं? नक्की?"

माझ्या पर्समध्ये तो कागद होता, घडी केलेला.

"जाईल," मी म्हणाले.

मामांना मी माझं सांगितलं नाही. दौलतलाही नाही. ते असं होतं.

सयाजी गेला तेव्हा रेणू चार-पाच महिन्यांची होती. दुपारी त्याची गाडी बोळात वळली की मी तिला पाजायला घ्यायचे, कारण पुढे त्याची धार काढून होईपर्यंत घरात कुणी यायचं नाही. तो गेला आणि आठवड्याभरात माझं दूध आटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धक्क्याने होतं असं. रेणू वरच्या दुधावर वाढली, म्हणजे मोगरीच्याच. पाणी घालून, उकळून, वाटी-चमच्याने. ते दूध कुठल्या आवाजावर निघत होतं, हे मला आता परड्यात उभं राहून कळत होतं.

आणि त्या पहिल्या दिवशी, इंजिनाने धरलं आणि मोगरी बोळाकडे बघू लागली तेव्हा, माझा कुडता छातीवर दोन्हीकडे भिजला होता. किती महिन्यांनी. म्हणून मी आत जाऊन कपडे बदलले होते. रात्री पुस्तकं काढून वाचलं. याला नाव आहे, त्याची कारणं आहेत, ती मी कुणालाही नीट समजावून सांगू शकते. नाव माहीत असलं म्हणून कुडता कोरडा राहत नाही. उद्यमनगरात तीन थरांची ओढणी घेऊन मी त्या डब्याजवळ फोन धरून उभी होते आणि नोंदी पुरेशा झाल्यावरही आणखी थोडा वेळ चालू ठेवा, असं दौलतला हाताने सांगत होते. मी कागदावर जो डबा काढला, तो कशासाठी काढला, हे मला ठाऊक होतं. तोही उभ्या गाडीचाच आवाज झाला असता. मी दर सुट्टीला उद्यमनगरात जाऊन तासभर ऐकला असता आणि मला तो बंद करवला नसता.

दुसऱ्या दिवशी दौलतला म्हणाले, "कोन आणा."

त्याने कारण विचारलं नाही. नुसतं "बरं" म्हणाला आणि पत्र्याचा जो तुकडा त्याने कापायला काढून ठेवला होता, तो पुन्हा भिंतीला लावून ठेवला.

कोन बसवायला फार वेळ लागला नाही. कार्बोरेटरच्या तोंडाची जाडी फिल्टरच्या रबरापेक्षा किंचित कमी भरली, तेव्हा दौलतने जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून मध्ये घातली आणि क्लिप आवळली. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा इंजिन फटफट करून मागे फुटायला लागलं. प्लग काढून बघितला तर पांढराफटक. हवा जास्त, पेट्रोल कमी. मोठा जेट घातला. प्लग आता फिकट राखाडी आला. आणखी एक नंबर वरचा घातला. तिसऱ्यांदा प्लगचं टोक दुधाळ कॉफीसारखं निघालं आणि दौलतने अंगठा वर केला. गरम हवा अडवायला इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये पत्र्याचा एक लहान पडदा लावला. तो मीच मोजून दिला.

आवाज आता उघडा, खरखरीत होता. ओढून श्वास घेतल्यासारखा, खाली काही नसलेला. दौलत थोडा वेळ ऐकत उभा राहिला.

"कुणाचीबी गाडी वाटती," तो म्हणाला.

"हो."

"पळंल मात्र झकास."

आबांना ऐकवल्याशिवाय गाडी ट्रॅकवर न्यायची नाही, असं त्याचं त्यानेच ठरवलं. टेम्पोतून गाडी परड्यात उतरवली तेव्हा धार काढायची वेळ झाली होती. मामा बादली आणि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन मोगरीपाशी होते. भिंतीपलीकडे तानूकाकींच्या बांगड्या वाजल्या, पण डोकं वर आलं नाही. मी रेणूला कडेवर घेऊन दारात उभी राहिले.

"आबा, लावू?"

"लाव."

दौलतने बटण दाबलं. इंजिनाने पहिल्याच झटक्यात धरलं. परडं त्या कोरड्या खरखरीने भरून गेलं. मामांनी बादली खाली ठेवली आणि मोगरीकडे बघू लागले. मीही तिच्याकडेच बघत होते. तिने एक कान हलवला, माशी हाकलावी तसा. मग तोंड वैरणीत घातलं. बोळाकडे तिने पाहिलं नाही. सड कोरडे होते.

मी स्वतःकडे लक्ष देत उभी होते. काही झालं नाही.

मामांनी हात वर केला. दौलतने इंजिन बंद केलं.

"गेला," मामा म्हणाले.

"गेला, आबा."

"चांगली झालीया गाडी. ने आता ट्रॅकवर. हेल्मेट घालत जा."

दौलत गाडीतून उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मामांनी कास धुतली, पुसली, उकिडवे बसले आणि बादली गुडघ्यांत धरली. त्यांनी सड ओढले. काहीच आलं नाही. पुन्हा ओढले. मोगरीने पाय हलवला, पण लाथ मारली नाही. ती नुसती खात राहिली. मामांनी परत कोमट पाणी मारलं, कास खालून वर चोळली, तिचं नाव दोन-तीनदा पुटपुटले. बादली तशीच कोरडी.

"आबा, राहू द्या आज," दौलत म्हणाला.

मामांनी कपाळ मोगरीच्या कुशीला टेकवलं आणि डोळे मिटले. मग मला वाटलं, ते रडतायत. रडत नव्हते. ओठ घट्ट मिटलेले होते आणि घशातून एक खोल, सपाट हुंकार येत होता. मध्ये न तुटता, खाली न उतरता. तो सूर मी मोजलेला होता. माझ्या वहीत तो आकड्यात लिहिलेला होता. मामांचा घसा नेमका त्याच्यावर लागला होता.

मोगरीने वैरणीतून तोंड काढलं. मान वळवली आणि बोळाकडे बघू लागली.

बादलीच्या तळावर पहिली धार वाजली. मग दुसरी.

दौलतने मान खाली घातली. मी रेणूला छातीशी इतकं आवळून धरलं की ती कुरकुरली. मामा थांबतील म्हणून मी वाट बघत राहिले. बादली भरत आली, फेस काठाला लागला, हात थांबले, तरी तो हुंकार थांबला नाही.